बैलाचं नाव घेतलं

त्या दिवशी सकाळी आमी दोघांनी शिंगाडे उकडले. मी चुलीत काड्या सारत व्हतो, बायको कढई हलवून राहिली व्हती. फुटके शिंगाडे बाजारात कोणी घेत न्हाई, म्हणून ते आमच्या वाट्याचे. तिनं एक माझ्या हातावर ठिवला अन् म्हणली, "फुटकं खायला बरे पुढं असता तुमी."

मी म्हणलो, "फुटकंच पदरात पडलं, खाऊ न्हाई तर काय करू?"

तिनं चांगला साबूत शिंगाडा उचलून मला मारला, अन् मंग तोबी सोलून मलाच दिला. चवदा वर्षांच्या संसारातलं धड बोलणं म्हणावं तर ते शेवटचं. अठ्ठेचाळीस साल व्हतं. संक्रांतीच्या आधीचा कळमनुरीचा बाजार.

आमचं गाव कयाधू नदीच्या वळणात, चिबडावर बसलेलं. वरून लव्हाळं हिरवंगार अन् खाली माणूस उभा जाईल एवढा चिखल. बाजाराची वाट त्यातूनच, अन् ती वाट दाखवायचं काम आमच्या घराकडं. आज्याकडून बापाकडं आलं, बापाकडून माझ्याकडं. कायदा एकच. एकामागं एक चालायचं. पुढच्यानं दर सात पावलांना मागच्या एकेकाला नाव घेऊन हाक मारायची, त्यानं ओ द्यायची. ज्याला कोणी नावानं बोलावतं, त्याला चिखल धरीत न्हाई. माझा बाप लहान असताना एकाची गाडी बैलांसकट रुतली व्हती, हाक चुकली म्हणून. माझ्या लग्नाच्या साली त्या माणसाच्या नातवानं काठावरून त्या बैलांची नावं घेतली, तवा गाडी वर आली. जू कुजलं व्हतं. बैल रवंथ करून राहिले व्हते.

पण नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघात घ्यायचं न्हाई, ही बी रीतच. माझा आजा ती मानत नव्हता. आजीला घेऊन निघाला की तिच्या नावानं असा ओरडायचा की दोन्ही काठांवर ऐकू जायचं. आजी म्हातारी होईपर्यंत ये-जा करायची, तिच्या घोट्याला कधी चिखल लागला न्हाई. गाव मात्र हसायचं. पोरं आज्याच्या मागं तशीच हाक मारत फिरायची. माझ्या बापाला ते लहानपणापासून डाचलं. त्यानं माझ्या मायला चिबडात नेलंच न्हाई. तिचं माहेर पलीकडच्या काठाला. तिची माय मेली तवा इकडं उभं राहून तिनं पलीकडचं रडणं ऐकलं. तीबी पुढं मेली. अजून दर पावसाळ्यात काठावर तिची दोन पावलं उमटतात, बोटं पलीकडं करून. मी ती पाहत मोठा झालो, अन् तरी शिकलो न्हाई.

आमचं नवरा-बायकोचं चिबडात रोजचं जाणं, शिंगाड्यांसाठी. पहिल्या दिवशी ती काठावरच थांबली.

"अवं, मला हाक मारणार का न्हाई?"

"मारतो की. हितं कोण ऐकतंय?"

मी तिचं नाव घेतलं. तिनं ओ दिली अन् एवढी हसली की बगळे उडाले. "पुन्हा म्हना," म्हणली. मी पुन्हा म्हणलो. मंग रोज म्हणलो. चिबडात नाव, घरात "अगं". माणसं दिसली की माझं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. आता माझा नातू सैपाकघरातल्या बायकोला दारातून नावानं हाक मारतो, अन् मी अंगणात मान खाली घालून बसतो. पोराला वाटतं म्हाताऱ्याला रुचत न्हाई. मला माझी लाज वाटती, त्याची न्हाई.

त्या बाजाराला सात जीव व्हतो. पुढं मी. मागं बाप, मंग शेजारी अन् त्याचे दोघं भाऊ, मंग विकायला काढलेला आमचा बैल, अन् सगळ्यात मागं ती, डोक्यावर शिंगाड्याची पाटी घेऊन. चारचौघांसंगं ती पहिल्यांदाच निघाली व्हती, तिला संक्रांतीला बांगड्या भरायच्या व्हत्या.

सात पावलं झाली. बापाला हाक मारली. तिघांची नावं घेतली. बैलाचं घेतलं, त्यानं मान हलवून घंटी वाजवली. शेवटी मी म्हणलो, "अगं ए."

"आं?" ती म्हणली.

शेजारी खिदळला. "काहून रं, बैलाला नाव हाय, वहिनीला न्हाई? घे की! तुझा आजा तर गाजवायचा."

त्याचा भाऊ म्हणला, "घेतलं तर पलीकडं पोचेपर्यंत सबंध बाजारात बोभाटा होईल."

बाप नुसता खाकरला. "चाल पुढं."

मी चाललो. पुढच्या सात पावलांनाबी तेच. त्याच्या पुढच्या सातांनाबी तेच. मधल्या खोल जागी आलो तवा मागून तिचा आवाज आला, बारीक, "अवं, पाय निघत न्हाई. नाव घ्या की माझं."

सगळ्यांनी ऐकलं. मीबी ऐकलं. मला तिचाच राग आला, की चारचौघात असं मागती. मी वळलोबी न्हाई. म्हणलो, "येती का न्हाई चटकन? नखरे नको."

ते तिघं हसले. मीबी थोडा हसलो. हे लिहिलं न्हाई तर बाकीचं लिहून काय फायदा.

सात पावलांनी मी सगळ्यांची नावं घेतली. बैलाचं घेतलं. घंटी वाजली. "अगं" म्हणलो, तर ओ न्हाई. वळून पाहिलं. चिखलावर पाटी सरळ बसलेली. एक शिंगाडा सांडला नव्हता. वाफ निघून राहिली व्हती.

दोर टाकले, बांबू खुपसले, शेजारी छातीपर्यंत उतरला. दिवस मावळेपर्यंत मी "अगं, अगं" करीत राहिलो. तवाबी नाव तोंडातून निघालं न्हाई. जिभेवर यायचं अन् माणसं दिसली की मागं जायचं. "अगं" तर कुणाचीबी बायको असती. चिखलाला काय कळणार?

घरी बापानं भाकरीला हात लावला न्हाई. भिंतीकडं तोंड करून म्हणला, "तुझ्या आज्याला लोक हसले. पर आजी दर वेळी पोचली." मंग म्हणला, "माझ्यासारखा झालास."

सकाळी मी बैलाकडं दावणीला गेलो न्हाई. सरळ काठावर गेलो. गाव जमलं व्हतं. शेजारी पुढंच उभा व्हता, बायाबी व्हत्या पदर तोंडाला लावून. मी सगळ्यांकडं पाठ केली न्हाई, तोंड करून उभा राहिलो, अन् तिचं नाव घेतलं. लग्नात ठिवलेलं घेतलं. मंग माहेरचंबी घेतलं, कारण रोजचं नाव मी काल गिळलं व्हतं, ते चिखल अजून ओळखतो का ते मला ठाऊक नव्हतं. आज्यासारखं ओरडून घेतलं.

कोणी हसलं न्हाई. चवदा वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली शेजारीण म्हणली, "असं व्हतं व्हय तिचं नाव?"

मी वळलो, चिखलात उतरलो, सात पावलं मोजली, अन् पुन्हा हाक मारली.