चौथं उद्दिष्ट

संशोधनाला अनुदान मिळवायचं तर प्रस्ताव कसा लिहावा, यावर बोलायला मला आता नागपुरातली महाविद्यालयं बोलावतात. शाल-श्रीफळही देतात. मी ऐटीत सांगते, "उद्दिष्टं तीनच ठेवा. चौथं आलं की समितीला वाटतं, ह्यांचं ह्यांनाच काही ठरलेलं नाही." नवी प्राध्यापक मंडळी भराभर उतरवून घेतात. आणि मला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत दोन माराव्याशा वाटतात.

माझं चौथं उद्दिष्ट बुटीबोरीच्या एका वस्तीत ठरलं होतं. सूतगिरणीत कापसाच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांच्या श्वासावर मला अभ्यास करायचा होता. पण नागपूरच्या धरमपेठेतून गाडी घेऊन आलेल्या बाईशी कोण कशाला बोलेल? शेवटी एकीनं मला तिच्या खोलीत बसवून घेतलं. चाळिशीची असेल, बोलायला फटकळ, दर दोन वाक्यांमागे खोकायची.

"पाहाले येता, लिहून नेता, मंग कोणी दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही काहून येऊन राहिल्या?"

"श्वास मोजायचं यंत्र आणीन," मी म्हटलं. "ज्यांचा श्वास कमी भरेल त्यांना डॉक्टरकडे नेऊन औषध सुरू करून देईन."

"नक्की?"

"नक्की."

त्या एका शब्दावर ती दारोदार फिरली. आपला सुट्टीचा दिवस घालवून तिनं बायका गोळा केल्या, लाजणाऱ्यांना दटावलं, "बोल वं, मॅडम आपल्यासाठीच आल्या."

घरी येऊन मी प्रस्ताव लिहिला. सुरुवात तिच्याच वाक्यानं केली: 'जिना चढाले गेली का मधातच बसा लागते.' आमच्या विभागातले एक निवृत्त सर प्रस्ताव तपासून द्यायचे. त्यांच्या हाताखालून गेलेला कागद सहसा नामंजूर होत नसे. पहिलं वाक्य वाचून सर खूश. "वा! समिती इथेच गार." चौथ्या उद्दिष्टापाशी मात्र त्यांचं पेन थांबलं. "हे उपचाराचं काय मधेच? संशोधन आहे की दवाखाना? ठेवायचं तर ठेव बाई, पण मग नाकारलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

ठेवायचं तर ठेव, असं म्हणाले होते ते. मीच ठेवलं नाही. वाद घालता आला असता, उपचारासाठी दुसरीकडे अर्ज करता आला असता, निदान वस्तीत जाऊन खरं सांगता आलं असतं. मी यातलं काहीएक केलं नाही. ओळ निवडली, पुसली, आणि लाज वाटते सांगायला, पण पान आता छान आटोपशीर दिसतंय याचा मला आनंदच झाला. मंजुरी आली त्या दिवशी मी विभागात संत्रा बर्फी वाटली.

यंत्र घेऊन गेले तेव्हा तिनं अंगणवाडीची खोली मिळवून ठेवली होती. बायका ओळीनं बसलेल्या. पहिली तीच पुढे आली, फुंकलं आणि खोकत बसली. मी आकडा दोनदा वाचला. इतका कमी असेल असं वाटलं नव्हतं.

माझं तोंड बघूनच तिला कळलं. "कमी आहे ना? मंग डॉक्टरकडे कधी नेता?"

"या टप्प्यात फक्त मोजणी आहे," मी म्हणाले. काय ही भाषा! आणि कोणासमोर! मग घाईघाईनं म्हटलं, "पण तुम्हाला मी नेते ना. उद्याच, माझ्या गाडीतून."

"मी एकलीच?" तिनं ओळीकडे पाहिलं. "अन् ह्या? ह्यायले मी बोलावून आणलं."

तिनं आवाज खाली आणला.

"खरं सांगा मॅडम. तुमच्या कागदात डॉक्टरचं लिहिलं होतं का नाही?"

"लिहिलं होतं."

"मंग काढलं कोणं?"

"वरून काढलं," मी म्हणाले.

कसं पटकन निघालं तोंडून! जीभ जरासुद्धा अडखळली नाही. तिचा चेहरा मात्र निवळला. माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "जाऊ द्या. वरचे लोक तसेच राहतात. तुम्ही काहून जिवाले लावून घेता?"

मग ओळीकडे वळून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डॉक्टरचं काही होऊन नाही राहिलं. मॅडमनं लिहिलं होतं, वरच्यायनं काढलं. मॅडमचा काही दोष नाही. चला वं, एकेक जण बसा."

एकही बाई उठून गेली नाही. दुसरी येऊन खुर्चीवर बसली, पदर सावरला आणि माझ्याकडे बघून समजुतीनं हसली. "जोरात फुंका," मी म्हटलं. तिनं जीव तोडून फुंकलं, आणि मी आकडा लिहून घेतला.