दोन नावांचा फौजी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. मुलुंडच्या त्या माजी सैनिकाचं प्रकरण मात्र अजून लख्ख आठवतं. मी तिथल्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. आठवणी सांगताना मी कुणाची नावं घेत नाही. पण हे प्रकरणच नावाचं होतं, त्यामुळे या माणसाला दोन नावं देणं भाग आहे. दोन्ही बदललेली आहेत.

सुरुवात एका निनावी फोनने झाली. सकाळची हजेरी आटोपली होती. फोन करणाऱ्याने एका जुन्या चाळीचं नाव सांगितलं आणि म्हणाला, तिथे राहणारा एक म्हातारा धनाजी या नावाने सैन्याचं पेन्शन फुकट खातोय, खरा धनाजी लहानपणीच मेला, गावात विचारून बघा. ठाणे अंमलदाराने नाव विचारताच त्याने फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद करून विषय माझ्यापुढे आणला.

निनावी फोन पोलीस खरा मानत नाहीत, पण टाकूनही देत नाहीत. त्यातून याच माणसाच्या ओळखीच्या पडताळणीचं पत्र आमच्याकडे आधीच आलेलं होतं. सैन्याच्या नोंदीतलं आपलं धनाजी हे नाव बदलून धोंडू करावं, असा त्याने अर्ज केला होता. कोकणातल्या त्याच्या गावच्या पोलीस पाटलाला आम्ही फोन लावला. पाटील तरुण होता. त्याने घरच्या म्हाताऱ्यांना विचारून सांगितलं की त्या घरातला धनाजी अगदी लहान असतानाच वारला. धाकटा धोंडू मुंबईला गेला तो गेलाच, आता घरही बंद आहे.

आता संशयाला जागा होती. धनाजी लहानपणीच गेला, तर त्याच्या नावाने सैन्यात नोकरी कुणी केली? आणि ते कागद या धोंडूकडे कसे आले? माझा तरुण उपनिरीक्षक लगेच गुन्हा दाखल करू म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि म्हाताऱ्याला चौकशीसाठी बोलावून घेतलं.

तो बायकोला घेऊन आला. सत्तरी ओलांडलेला, सावळा, इस्त्रीचा शर्ट. खुर्चीला पाठ न टेकता बसला. सैन्यातला नंबर, पलटण, कुठे कुठे बदली झाली, सगळं विचारलं, सगळं सरळ सांगितलं. निवृत्तीच्या पुस्तिकेत उजव्या भुवईवर जुनी खोक असल्याची नोंद होती, तशी खोक त्याला होती. पण भुवईवर खोक असलेली माणसं मुलुंडमध्ये पाचपन्नास सहज सापडतील. पुस्तिकेतला फोटो तर इतका पुसट झाला होता, की तो माझाही म्हणून चालला असता.

मग मी विचारलं, "तुम्ही धोंडू, तर सैन्यात धनाजी कसे झालात?"

तिथे तो गप्प झाला. उपनिरीक्षकाने आवाज चढवला, तरी गप्पच. चौकशीत गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात. ज्याला काही लपवायचं असतं त्याची नजर दाराकडे जाते. ज्याला सांगायची लाज वाटते तो जमिनीकडे बघतो. हा जमिनीकडे बघत होता. मी उपनिरीक्षकाला बाहेर पाठवलं, चहा मागवला आणि बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला आत बोलावलं.

ती आली आणि उभ्यानेच म्हणाली, "साहेबांनू, हे सांगूचे नाय. जल्मभर कोणाक सांगूक नाय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आता सांगतास, काय मी सांगू?"

तेव्हा तो बोलायला लागला. त्याच्या आधी आईला झालेला मुलगा धनाजी दोन वर्षांचा होऊन तापाने गेला होता. पुढचं मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून याचं नाव धोंडू ठेवलं. कोकणात ही रीत जुनी आहे. धोंडू जगला, पण सणावाराला आईच्या तोंडी नाव यायचं ते धनाजीचं. वयात आल्यावर तो घरी न सांगता भरतीला गेला. त्या वेळी फारसे कागद कुणी मागत नव्हतं. जे सांगितलं ते लिहिलं गेलं.

"रांगेत नाव विचारलं," तो म्हणाला. "मनात आलं, तो नाही जगला, त्याचं नाव तरी जगू दे. आईला बरं वाटेल."

आईला बरं वाटलं नाही. पहिल्या रजेवर त्याने ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती चुलीपुढून उठून आली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "धनाजी माझो गेलो रे. माझ्या धोंडूक खंय हरवलंस?"

नोकरीत असताना खरं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. नोकरी संपल्यावर राहून गेलं. आई वारली. आता स्वतःचं वय झालं आणि बायकोची काळजी लागली. तिच्या प्रत्येक कागदावर नवऱ्याचं नाव धोंडू होतं. उद्या हा गेला, तर धनाजीची विधवा म्हणून तिला पेन्शन मिळालं नसतं.

हे सगळं ऐकताना मला फोनवरचं वाक्य आठवलं. लहानपणी मेलेल्या धनाजीची गोष्ट मुंबईत आणखी कुणाला माहीत आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, बायकोला आणि एका एजंटला. हा एजंट रेल्वे स्टेशनजवळ बसून सरकारी कामं करून द्यायचा. भरतीच्या कारकुनाने चुकून नाव लिहिलं, असं प्रतिज्ञापत्र त्याने तयार केलं होतं. म्हाताऱ्याने सही केली नाही. खरं काय ते सांगून तो म्हणाला, ज्याने मी सांगितलं तेच लिहिलं, त्याच्यावर खोटा आळ कसा घेऊ? एजंटने बघून घेईन म्हणून दम दिला होता.

"खरं लिहून दिलं, तर पेन्शनवर गदा येऊ शकते," मी म्हणालो. "माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब. पण आणखी एक खोटं नको."

त्याच्यावर माझा विश्वास बसला होता, पण अहवालात विश्वास लिहिता येत नाही. त्याच्या तुकडीतलं कुणी मुंबईत आहे का, असं विचारलं. घाटकोपरला एक निवृत्त सुभेदार राहतात, पण त्यांना या वयात कशाला त्रास, असं तो म्हणाला. मी त्यांना रिक्षाने आणवलं. ऐंशीच्या पुढचे, नजर अधू, हातात काठी. बर्फात पायाची बोटं गेलेली.

मी दोघांना समोरासमोर बसवलं. सुभेदारांना धनाजीची ओळख पटवायची आहे एवढंच सांगितलं होतं, बाकी काहीच कल्पना दिलेली नव्हती. ते म्हणाले, चेहरा मला नीट दिसत नाही, एकच विचारतो. मग त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, "वरच्या चौकीवरून बर्फ पडत असताना तू खाली काय आणलंस?"

तो कधी उभा राहिला ते आम्हाला कळलंच नाही.

"तुम्हाला, साहेब."

सुभेदारांनी हात पुढे केला आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. उपनिरीक्षक खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिला. मी जबाब लिहायला घेतला.

निनावी फोन स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून आला होता. कुणी फोन मागितला ते दुकानदाराला आठवत होतं. एजंटला उचलल्यावर तो आधी उडवाउडवी करत होता. दुकानदाराला समोर आणल्यावर नरमला. चौकशीत निघालं, की इतर माजी सैनिकांचे मूळ कागद अडवून तो त्यांनाही धमकावत होता. त्यांनी तक्रारी दिल्या आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

मी अहवालात घडलं तसं लिहिलं. म्हाताऱ्याने प्रतिज्ञापत्रही खरंच केलं. राजपत्रात नाव छापून आलं, सैन्याने बोटांचे ठसे पडताळले आणि काही महिन्यांनी दुरुस्ती मंजूर झाली. पेन्शनला धक्का लागला नाही. दोघं नवरा-बायको ठाण्यात सांगायला आले, तेव्हा आमच्या महिला शिपायांनी बाईंना उखाण्यासाठी गळ घातली. त्या लाजल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"देवळातलो देव पण मुळात धोंडोच असता,
धोंडूरावांचा नाव घेतंय, आता सरकार पण मानता."

ठाण्यात इतकं हसू मी क्वचितच ऐकलं असेल. धोंडूराव मान खाली घालून बसले होते, पण हसत होते.

पोलिसाला खोटं पकडायचं शिक्षण मिळतं. एखाद्याने खोटं का सांगितलं, ते विचारायला कुणी शिकवत नाही. ते मी या माणसाकडून शिकलो, तेही निवृत्तीच्या तोंडावर. खोटं मायेपोटीही बोललं जातं, आणि ते निस्तरायला माणसाला कधीकधी जन्म लागतो. अशा वेळी पोलिसाने त्याच्यासाठी एक खुर्ची आणि थोडा वेळ काढावा. कायद्याचं काम त्याने बिघडत नाही, उलट सोपं होतं.