बेबीबाईचा पोकळा

कोरीटच्या बेबीबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. 'मासा' हा शब्दसुद्धा तिच्या तोंडून निघायचा नाही. लेकानं आणि सुनेनं शेततळ्यात रोहू सोडले, तेव्हापासून ती त्यांना 'पान्यातले' म्हणायची. तळ्यावर जाणं दूरच, तिकडे तोंड करून ती पाणीही पीत नसे.

पण लेकरांपुढे सोवळं किती टिकणार? तळ्याला प्लास्टिकचा कागद, पाणी नितळ, ना शेवाळ ना किडा. नुसत्या कोंडा-पेंडीवर मासे खंगायला लागले. कुणाचे पर झिजले, कुणाची पाठ वाकली, रोज काही उलटे तरंगायचे. एक दिवस तिचा लेक योगेंद्र ओसरीवर डोकं धरून बसला. म्हणाला, "माय, यंदा ह्या मरनात, ते आम्हीन दोन्ही सुरतले निंघी जासूत."

बेबीबाई त्याच्याजवळ येऊन बसली. नवरा केव्हाच गेलेला. ही दोघंही गेली तर तिनं बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

मत्स्यबीज विकणारा नवनीत तळं बघून गेला. जीवनसत्त्वं कमी पडताहेत, खाद्यात कोवळी पालेभाजी घाला, एवढं सांगून गेला.

पालेभाजी म्हटल्यावर बेबीबाई उठलीच. परसातला पोकळा तिनं खुडला, निवडला, धुतला, चिरला आणि चांगला गाळ शिजवून सुनेच्या हाती पातेलं दिलं. भोळी चेतना! सासूनं 'पान्यातल्यां'साठी चूल पेटवली, याच आनंदात ती रोज पातेली वाहत राहिली. मासे मात्र मरतच होते.

शेवटी तिनं नवनीतला फोन लावला आणि बिचकत सासूजवळ आली.

"आई, पाला शिजाडाना नही म्हने. शिजाडात ते त्यानी ताकद निंघी जास."

"मंग काय कच्चा दिसूत?" बेबीबाई कडाडली. "दारमा आयेलले कोनी कच्चा पाला वाढस का?"

पण रागावता रागावताच तिनं पाटा पुढे ओढला. कच्चा पोकळा, शेवग्याचा पाला वाटून पेंडीत मळला, गोळे केले. खातात की नाही हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना, म्हणून परात घेऊन स्वतःच तळ्यावर गेली. काळी डोकी पाण्यावर आली तशी ती हरखली. "खा रे मन्हा राजासवन," म्हणाली, आणि मग रोजच जायला लागली.

वाकलेले काही सरळ झाले नाहीत, पण मरणं थांबलं. उरलेले चांगले अंगानं भरले.

दिवाळीनंतर व्यापारी जाळं घेऊन आला. हे कशासाठी वाढवतोय, ते बेबीबाईला काय ठाऊक नव्हतं? तळ्यावरून योगेंद्र-चेतनाचं हसणं ऐकू येत होतं. पुढच्या खेपेला बी किती सोडायचं, हेच बोलणं. ती देवासमोर दार लावून बसली. डोळ्यांतलं पाणी काही खळेना.

"देवा," ती म्हणाली, "पाप लागनं ते माले लागू दे. पोरेसले आठेच, ह्या घरमा ऱ्हाऊ दे."