रेणापूरची निळी टोपणं

नांदेडहून लातूरला लोक लग्नाला, कोर्टाला किंवा क्लासला जातात. मी गेलो बोअरची टोपणं बघायला. माझे जुने स्नेही शिवलिंगअप्पा यांचं रेणापूरला पाइपाचं दुकान आहे. या दुष्काळात ते कोरड्या, उघड्या बोअरना फुकट टोपणं बसवताहेत, असं कळलं आणि मी पिशवी भरली.

सकाळची एसटी, अहमदपूरमार्गे. चार तास धरून चाला, पाणी घरचं न्या. अहमदपूरला मुरमुऱ्यांचा सुशीला आणि भजी मागवली. शेजारच्या बाकावर उदगीर जिल्हा होणार की नाही, यावर वाद चालला होता.

"जिल्हा झाल्यावर पाणी येतंय का?"

"पाणी न्हाई. कलेक्टर येतो."

लातूरहून अर्ध्या तासात रेणापूर. अप्पांनी मला मोटारसायकलवर मागं बसवून मांडीवर टोपणांचं पोतं दिलं. "शास्त्रीबुवा, जन्मभर संस्कृतच्या वर्गात 'कूप' शब्द चालवलात, आता कूप बंद करा."

वाटेत त्यांनी सांगितलं: लोखंडी झाकण भंगारात जातं, साधं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत तडकतं. या निळ्या पीव्हीसीत ऊन सोसणारा मसाला असतो. आट्यांचं टोपण पान्यानं आवळलं, की लेकराच्या हातानं निघत नाही.

पहिलं शेत मंगलबाईंचं. त्यांचं कोरडं बोअर बांधालगत, शाळेच्या पाऊलवाटेवर होतं. तोंडावर नुसतं पोतं. रोज सकाळी त्या आत खडा टाकून पाणी वाजतं का, म्हणून कान लावत.

"टोपन नको, अप्पा. बंद केलं की संपलं."

"मी तिसऱ्यांदा येऊन राहिलो, बाई. चौथ्यांदाबी येईन. पाणी यायचं तर खालून येईल. वरून जाईल ते लेकरू."

बाईंनी पोतं बाजूला सारलं. मग एक खडा टाकला. आम्ही तिघंही वाकून ऐकत राहिलो. खडखड खाली गेली आणि विरली.

"पुन्हा उघडता येतंय ना?"

"हाव. पाना लावला की उघडतंय."

अप्पांनी पाइपाचा तुकडा सिमेंटात बसवला. टोपण मात्र बाईंनी स्वतः आवळलं, अप्पांना हात लावू दिला नाही.

घरी परतून आठवडा झाला. या प्रवासात दाखवण्याजोगा एकही फोटो निघाला नाही, तरी जाऊन या म्हणेन. काल अप्पांचा फोन आला. मंगलबाई दुकानातून दोन टोपणं घेऊन गेल्या, शेजाऱ्याच्या बोअरांसाठी. शेजारी नको म्हणाला.

"मग?"

"मग काय, बोअरच्या तोंडावरच बसल्या. तो हो म्हणेपर्यंत उठल्या न्हाईत."