देवमाशाचा जबडा आणि रहीमचाचांची बेगम

कर्वेनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचं संग्रहालय रहीमचाचांनी उभी हयात सांभाळलं. दाराशीच कोकण किनाऱ्याला लागून मेलेल्या निळ्या देवमाशाचा जबडा होता, माणसाच्या दुप्पट उंच. येणारा प्रत्येक शहाणा त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढायचा. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत तळहाताएवढी केसाळ कोळीण होती, जिवंत टारँटुला. तिच्याकडे बघून मात्र लोक नाक मुरडायचे. मेलेल्याचं कौतुक आणि जित्याची किळस, ही आपली जुनीच खोड. चाचा तिला बेगम म्हणत आणि रोज तिची विचारपूस करत.

गेल्या वर्षी त्यांची बायको मदिनाबी वारली. मूलबाळ नव्हतं. घरी बोलायला भिंती उरल्या, म्हणून मनातलं सगळं बेगमला सांगू लागले. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी विभागप्रमुख पद्मजा मॅडमकडे एकच मागणं घातलं, बेगमला घरी नेऊ द्या. मॅडम म्हणाल्या, न्या की, इथे तिला विचारतंय कोण.

मॅडम दरवर्षी पोरांना देवमासा आणि टारँटुला यांची तुलना शिकवत. देवमाशाची हाडं आत, ती अंगाबरोबर वाढतात. टारँटुलाचा सांगाडा बाहेर, वाढायचं तर तो कातीसारखा टाकावा लागतो. ऐकून ऐकून चाचांना हे पाठ झालं होतं. टाकलेली कात पेटीतून त्यांनीच कैकदा उचलली होती. पण ती टाकताना बेगमला त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. ते काम ती कॉलेज बंद असतानाच उरकायची.

निवृत्तीच्या तोंडावर तिने खाणं सोडलं. एका सकाळी चाचांनी पेटी उघडली, तर ती उताणी, पाय पसरून निपचित पडलेली. मय्यत ताटकळत ठेवू नये, हे हाडीमाशी खिळलेलं. डोळे पुसत त्यांनी तिला मेलेले नमुने टिकवायच्या स्पिरिटच्या बरणीत सोडलं.

आत तिचे पाय हलले.

चाचांनी हात घालून तिला बाहेर काढलं, पंख्याखाली धरलं, हाका मारल्या. फार उशीर झाला होता. पद्मजा मॅडम आल्या, तेव्हा जुन्या कातडीला पडलेल्या चिरेतून नवी, ओली कातडी दिसत होती.

“चाचा, ती मेली नव्हती हो,” मॅडम म्हणाल्या. “कात टाकत होती.”

चाचा स्टुलावर बसले. मदिनाबी पहाटे गेली आणि दुपारी तिला माती दिली. डॉक्टरांनी तपासलं होतं, बायकांनी आंघोळ घातली होती, सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. हे चाचांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते बराच वेळ आपल्या ओल्या हाताकडे बघत राहिले.

“मॅडम,” त्यांनी विचारलं, “आमची मदिना तरी नक्की गेली होती ना?”