चिखलदऱ्याचा सूर्यास्त आणि टॉवेल-टोपी

जालन्याहून चिखलदरा एका दिवसात गाठता येतं, फक्त वाटेत आपले सोयरे नसावेत.

इंग्रजांनी थंड हवा खायला वसवलेल्या त्या डोंगरावरून सूर्यास्त बघायचा, ही आमच्या सुनंदाची लग्न झाल्यापासूनची हौस. शेवटी मी नवीन जालन्यातून गाडी ठरवली. पहाटेच निघालो. चूक एवढीच, की पिंपळगाव रेणुकाईहून आबांनाही बोलावून घेतलं. (वडील आहेत. टाळणार कसे?)

चिखली आली तसे आबा म्हणाले, "थांबव गाडी. इथं तुझ्या आत्याची नणंद राह्यते."

"आबा, सूर्यास्त!"

"सूर्य उद्याबी मावळंन. सोयऱ्याच्या दारावरून तसंच गेलो हे कळलं, तं तोंड कुठं लपवू?"

तिथे चहा झाला. खामगावला पोहे झाले. अकोटला तर रोडगे! ते गोवऱ्यांवर सावकाश भाजतात, आणि आम्ही त्यांच्याकडे बघत बसतो. शिवाय प्रत्येक घरी निघताना आबांना टॉवेल-टोपी! मागच्या सीटवर टॉवेलांचं दुकान झालं. सुनंदा एकदा घड्याळाकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

डोंगराच्या पायथ्याच्या खेड्यात आबांनी काच खाली केली. "इथं आपलं कोणी..."

"न्हाई!" आम्ही दोघंही ओरडलो.

घाटात आबांना झोप लागली. वर पोचलो तर दिवस चांगला कासराभर शिल्लक! सुनंदा चक्क हसली. "चला, इथं तरी सोयरे न्हाईत!"

पॉइंटपाशी पार्किंगची पावती देणारा म्हणाला, "गाडी जालन्याची दिसते. माझी सासुरवाडी धावड्याची हाये."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणीही बसला असता! पण माझ्या तोंडून निघालंच, "धावड्याला कोणाकडं?"

झालं! गृहस्थ माझ्या मावसभावाचे साडू निघाले.

"जयभीम, पाव्हणे! चहा घेतल्याशिवाय जाऊच देत नाही तुमाले!"

घर जवळच होतं, पण दार पूर्वेला. त्यांच्या बायकोने सुनंदाला हात धरून चुलीपाशी नेलं. चहा उकळला, मग टोपी सापडेना, मग शेजारून आणली. बाहेर आलो तेव्हा दरीत मिट्ट काळोख होता. गाडीत जागे झालेले आबा, "मला न्हाई उठवलं?" म्हणून रुसले ते वेगळंच.

सुनंदाने तिथे एकच फोटो काढला. मागे अंधार, पुढे मी, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. चिखलदऱ्याला काय बघितलं, असं कोणी विचारलं की ती तोच काढून दाखवते.

"हा बघा, आमचा सूर्यास्त!"