बापाचा माग, भावाची वेबसाइट

माझ्या धाकट्या भावाची वेबसाइट उघडली की पहिल्यांदा आमच्या बापाचा माग दिसतो. वर लिहिलं आहे, वडिलोपार्जित. जसा काही बाप त्याचा एकट्याचाच होता.

आम्ही दोघंही आरमोरीत कोशाचं कापड विणतो आणि विकतो. जंगलातून कोसे येतात, ते उकळून घरच्या बाया मांडीवर सूत काढतात, आम्ही शेले करतो. दोघांची दुकानं एकाच गल्लीत, समोरासमोर. वाटणीत मी रस्त्याकडची मोठी खोली मागून घेतली आणि बापाचा खड्डामाग त्याला गेला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा तो जुना माग. मला वाटलं, याला कोण विचारणार. त्यानं फोटो काढून तो पार पुण्यापर्यंत पोचवला. आता पार्सलवाला त्याच्या दारी थांबतो, मी ओट्यावरून बघतो. मागावर आडव्या सुताचा धोटा फेकायला त्याला मी शिकवलं. किनार त्याची अजूनही ढिली येते, पण फोटोत किनार कोण बघतो?

शाळा माझी चौथीपर्यंतची. तरी त्याची वेबसाइट झाली म्हणजे माझी होणारच. बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवाल्या बाईकडे गेलो. त्याची तिनंच केली होती. तिला म्हटलं, त्याच्यापेक्षा महाग नको आणि हलकीही नको. ती म्हणाली, कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या मशीनवर कोपरा भाड्यानं मिळतो, तुमच्या भावानं सगळ्यात स्वस्त घेतला आहे, त्यातच तुमचीही बसवते. मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी सुनेला सांगतो, उघड. माझी नाही, त्याची. नवीन काय टाकलं ते बघायला.

दिवाळीनंतर नागपूरच्या एका साडी दुकानवाल्या बाईंनी दोघांनाही फोन केला. त्यांना लग्नसराईचे शेले एकाच घरातून हवे होते, दर वर्षी. रविवारी दुपारी दोन्ही वेबसाइट बघते आणि ठरवते, असं त्या म्हणाल्या. त्याच्याजवळ माग होता. माझ्याजवळ काय? सुनेनं माझ्या पानाखाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा लावला होता. दुकानात गर्दी दिसली की पुढचं गिऱ्हाईक आपोआप चढतं, एवढं मला कळतं. आणि त्याच रविवारी आमच्याकडे मंडई होती, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा.

मंडईत वर्गणी दिली की देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून पुकारतात. मी पुकारणाऱ्याला म्हटलं, माझं नाव राहू दे, वेबसाइट पुकार, आणि आताच मोबाइल काढून उघडा म्हण. गडी नाटकात काम करणारा. राजाची आज्ञा सोडावी तशी त्यानं सोडली. पाळण्यात बसलेल्या पोरींनीसुद्धा मोबाइल काढले. मी मिशीवर हात फिरवत उभा होतो.

थोड्या वेळानं सून आली आणि हळूच म्हणाली, "मामाजी, बंद पडली."

मी म्हटलं, त्याची पाह्य. तिनं पाहिली. त्याचीही बंद होती. माझं जळतं पोट जरा थंड झालं.

सेंटरवाली बाई पोरांना घेऊन मंडईतच फिरत होती. ती आमच्याकडे आली. "भाऊ, एवढ्या लोकायले एकदम काऊन उघडाले लावलं? तुमची दोघायची एकाच मोटरवर हाये. सारं पाणी एकदम ओढलं, आता धानाच्या दोन्ही बांध्या कोरड्या."

उद्याशिवाय सुरू होणार नाही, असं तिनं सांगितलं. नागपूरच्या बाईंची दुपार गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच गाडी घेऊन आल्या. फोटो त्यांनी आधी कधी तरी पाहिला होता. गल्लीत विचारलं, जुना माग कुठं आहे? लोकांनी समोरचं दार दाखवलं. मी ओट्यावर बसून होतो, उठलो नाही. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले आणि माझ्याकडेच वळले.

भाऊ म्हणाला, "दादा, बाईले बापाच्या मागावरचंच कापड पाह्यजे. माह्या गुडघ्यानं खड्ड्यात उतरता येत नाई. अन् तो माग तुह्याशिवाय कोणाच्या हातचा नाई."

परक्या बाईसमोर, माझ्याच ओट्यावर उभा राहून त्यानं मोठेपणा केला. भांडला असता तर मी तयारीत होतो.

मी म्हटलं, "विणतो. पण माग माह्या घरी येईन."

त्यानं माझ्या दाराची रुंदी हातानं मोजली. "ने," म्हणाला. "फोटो माह्याकडं राहीन."

मोठ्या खोलीत मी माझ्या हातानं खड्डा खणला. माग आला. बाप बसायचा तसा मी पाय सोडून बसलो, आणि पहिल्याच शेल्याची किनार अशी आली की सूनही बघत राहिली. म्हटलं, आता तरी लोक म्हणतील माग कोणाचा.

मग एके दिवशी तो आला आणि मागच्या बाजूनं फोटो काढून गेला. मंडईनंतर त्यानं जास्त भाड्याची वेगळी जागा घेतली आहे, कितीही लोक आले तरी बंद पडत नाही. माझी अजून त्या जुन्याच कोपऱ्यात आहे, मनात आलं तर उघडते. त्याच्या वेबसाइटवर आता माग आहे, आणि मागावर वाकलेली माझी पाठ. चेहरा नाही, नाव नाही. बाहेरचे लोक तेच बघून त्याच्याकडे शेला मागतात, आणि त्याच्या दुकानातून पार्सलं जातात.

मी अजूनही सकाळी चहाआधी सुनेला त्याचीच वेबसाइट उघडायला लावतो. ती म्हणते, मामाजी, पाठीत काय पाह्यता रोज?